सालीचं दूध

म्हंकाळ जानकरांच्या शेळ्या डाळिंबाची सालं खातात, याचं आटपाडीत कुणाला नवल वाटत नव्हतं. कालव्याचं पाणी आलं तशा माणदेशात डाळिंबाच्या बागा वाढल्या, बागांमागून रसाचे कारखाने आले आणि कारखान्यांमागे सालींचे डोंगर साचले. दुसऱ्यांच्या शेळ्यांनी त्या ढिगाला तोंड लावलं की त्या मलूल होऊन बसायच्या, रवंथ करायचं विसरायच्या. जानकरांच्या काळ्या शेळ्या मात्र तीच सालं खाऊन अंगानं भरायच्या. कुणी विचारलं तर म्हंकाळआबा हसून म्हणायचे, "धन्यावानी हायत. कडू-गोड कायबी चालतं."

नवल वाटलं ते त्यांच्या लेकीला. उर्मिला जानकर जनावरांच्या खाद्यावर संशोधन करायची. गावाबाहेरच्या माळावर पशुआहार संशोधन केंद्र सुरू झालं तेव्हा तिनं पुण्यातली नोकरी सोडून तिथली मागून घेतली होती. जनावरांच्या कानात आता मण्याएवढं यंत्र असायचं. शेळीनं किती खाल्लं, किती वेळ रवंथ केला, अंगात ताप आहे का, हे सगळं तिला टेबलावर बसून दिसायचं. पण आपल्याच बापाच्या शेळ्या सालं कशा पचवतात, ते कुठलंच यंत्र सांगत नव्हतं.

ते तिनं शोधून काढलं. साल तुरट लागते ती टॅनिनमुळे. हे टॅनिन पोटात गेलं की प्रथिनांना चिकटून बसतं आणि खाल्लेलं अंगी लागू देत नाही. शेळीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा असतो, त्याला कोटीपोट म्हणतात. तिथं कोट्यवधी जिवाणू चारा कुजवण्याचं काम करतात. आबांच्या शेळ्यांच्या कोटीपोटात त्या गर्दीत एक वेगळा जिवाणू होता. पिढ्यानपिढ्या बाभळीच्या शेंगा खाता खाता तो तिथं वस्तीला आला असावा. तो टॅनिनचे तुकडे करायचा. त्यातला एक अगदी बारीक तुकडा शेळीच्या रक्तात जायचा आणि रक्तातून दुधात उतरायचा.

हा तुकडा काय करतो, ते कळायला आणखी काही वर्षं गेली आणि एक मैत्रीण लागली. सांगलीच्या कर्करोग रुग्णालयातल्या डॉ. अनघा शिरगुप्पे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर उपचार करायच्या. त्यांचं दुःख निराळं होतं. गाठ काढता येत होती, उरलेल्या पेशी किरणांनी जाळता येत होत्या. लोक त्या किरणांना 'शेक' म्हणत. पण शेकानं गाठीबरोबर तोंडाचं अस्तरही सोलवटून निघायचं. तोंडभर फोड यायचे, पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा लागायचा. वजन उतरायचं, माणूस हाय खायचा आणि शेक मध्येच थांबवावा लागायचा. थांबलेल्या त्या दिवसांत रोग पुन्हा डोकं वर काढायचा.

शेळ्यांच्या दुधात उतरणारा तो बारीक कण नेमका इथं कामाला येत होता. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या लहान लहान भट्ट्या असतात. किरणांनी त्या तडकतात, आणि तडकलेली भट्टी आतून पेशीलाच जाळते. तो कण पेशीला सांगायचा, मोडकी भट्टी काढ, नवी मांड. तेवढ्यावर तोंडाचं अस्तर तग धरायचं.

डॉ. शिरगुप्पेंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "आणि तुझं हे दूध गाठीच्या पेशींनाही वाचवणार असेल तर?"

या एका प्रश्नापायी दोघींनी चार-पाच वर्षं घालवली. उत्तर मिळालं ते असं, की तोंडाच्या कर्करोगाच्या पेशीत भट्टी बदलायची ती कळच बिघडलेली असते. कितीही सांगा, तिला ऐकूच जात नाही. उंदरांत ते दिसलं, प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाठींतही दिसलं. कणाची गोळीही करून पाहिली. गोळी तोंडातून सरळ पुढे निघून जायची. दुधाच्या स्निग्धांशात लपेटलेला कण मात्र गाल, जीभ, घसा यांना लागून राहायचा.

मग बागांचा प्रश्न आला. आजारी माणसाच्या तोंडी जायचं दूध, म्हणजे सालीवर फवारणीच्या औषधाचा अंशही नको. उर्मिलाचा धाकटा भाऊ संपत बागायतदार होता. त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या बागेत जहाल फवारण्या बंद केल्या. रोगट पान दिसेल तेवढ्यावरच ड्रोननं औषध टाकायचं आणि फळ पाडाला आलं की तेही नाही, असा त्यानं नेम केला. पहिल्या हंगामात तेल्या रोगानं निम्मी बाग डागाळली. लोक हसले. दुसऱ्या हंगामात बाग सावरली, आणि तिसऱ्या हंगामात हसणारे त्याच्या ओसरीवर येऊन बसले. त्या बागांची सालं कारखान्यातून सरळ केंद्रावर यायची. दह्याला विरजण लावावं तसा त्यांना तो जिवाणू लावायचा आणि हवाबंद मुरवून त्यांचा मुरघास करायचा. तो खाऊन दुसऱ्यांच्या शेळ्याही सालं पचवायला शिकल्या. गावानं त्या दुधाला नाव दिलं, सालीचं दूध.

माणसांवरची चाचणी सांगलीला सुरू झाली. केंद्रावर दोन कळप केले. एकाला सालीचा मुरघास, दुसऱ्याला मक्याचा. दोन्ही कळपांचं दूध वाळवून सारख्याच पांढऱ्या पाकिटांत भरायचं. तुरट वास झाकायला दोन्हींत वेलदोडा. कुठल्या रुग्णाला कुठलं पाकीट, हे पुण्यातला संगणक ठरवणार. रुग्णाला ते ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, उर्मिलालाही नाही. शेवटच्या रुग्णाचा शेक संपल्यावरच त्या यादीचं कुलूप उघडायचं. नाहीतर देणाऱ्याची आशा आणि घेणाऱ्याचा विश्वास, दोन्ही त्या दुधात मिसळायचे.

आणि अशात आबांच्या गालात आतून एक चट्टा उठला.

उर्मिला तेव्हा एका परिषदेसाठी हैदराबादला होती. आबांनी तंबाखूचा बार सोडून बरीच वर्षं झाली होती, पण केलेलं कुठं सुटतं. संपतनं त्यांना सांगलीला नेलं, गाठ काढली. आता शेक घ्यायचा होता. उर्मिला परत आली तेव्हा आबा गालाला पट्टी लावून खाटेवर बसले होते, आणि चाचणीत नाव घालून मोकळे झाले होते.

"आबा, मला विचारलं का नाही?"

"तू नगं म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. माझा बाप माझ्याच चाचणीत. लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर न्हाई इचारलं." ते सावकाश बोलत होते, गाल ओढला जात होता. "डाक्टरीण बाईंस्नी सांगितलं मी, माझी लेक ह्यात हाय. त्यांनी वर कळवलं. वरून सांगावा आला, पाकीट संगणक ठरिवतो, लेकीच्या हातात काय न्हाई, तवा घ्यायला हरकत न्हाई. दुसऱ्याच्या बापावर करतीस, मंग माझ्यावर का नगं?"

उर्मिलानं त्यांच्या गालावरची सुटत आलेली पट्टी नीट चिकटवली.

शेक सुरू झाला. आबांच्या शेजारच्या खाटेवर विट्याचे रसूलभाई तांबोळी होते, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारे. दोघांची गाठ जवळपास सारखी, शेकही एकाच दिवशी सुरू झालेला. सुरुवातीला दोघं सकाळ-संध्याकाळ दुधाचे पेले उंचावून एकमेकांना रामराम-सलाम करायचे. पण पंधरवडा उलटला तसा फरक दिसू लागला. रसूलभाई दुधात भाकरी कुस्करून खात होते आणि ओठ मिटून फुंकर कशी धरायची, याचा सराव करत होते. आबांच्या तोंडात पांढरे चट्टे आले होते. पेला तोंडाला लावण्याआधी ते डोळे मिटायचे आणि खाटेची कड घट्ट धरायचे.

एका सकाळी परिचारिका दुसऱ्या खाटेकडे अडकली होती. उर्मिलानं आबांचं पाकीट फोडलं, कोमट पाण्यात मिसळलं आणि सवयीनं पेला नाकाशी नेला. वेलदोड्याचा वास आला. त्याखाली जो वास यायला हवा होता, ओल्या सालीचा, जराशा गंजासारखा, तो आला नाही. इतर कुणाला तो कळलाही नसता. उर्मिलानं मात्र त्या गोठ्यात वर्षानुवर्षं काढली होती, तो वास तिच्या केसांना असायचा. तिनं पुन्हा हुंगून पाहिलं. पेल्यात नुसतं दूध होतं.

तिनं पेला आबांच्या हातात दिला. त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, डोळे मिटले आणि पिऊ लागले.

ती तडक डॉ. शिरगुप्पेंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "अनघा, आबांना कुठलं दूध मिळतंय ते मला कळलंय."

"कसं?"

"वासानं."

डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "कुठलं ते मला सांगू नकोस. तुझा अंदाज चुकीचाही असेल."

"नाही चुकीचा."

डॉक्टरांनी उठून दार लोटलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "हे मला चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल. तू आता वॉर्डातल्या पाकिटांना हात लावायचा नाहीस, आणि निकाल मांडायच्या कामातही तुला बसता येणार नाही. इतकी वर्षं राबलीस, आणि कुलूप उघडताना तू खोलीबाहेर असशील."

"चालेल. आबांचं काय?"

"त्यांना चाचणी कधीही सोडता येते. अन्नाची नळी, दुखणं थांबवायची औषधं, सगळं मिळेल, आताही मिळतंय. पण सालीचं दूध चाचणीबाहेर मी कुणालाच देऊ शकत नाही. अजून ते औषध नाहीये, उर्मिला. अजून तो आपला एक विश्वास आहे."

हे उर्मिलाला ठाऊकच होतं. नियम लिहिताना ते वाक्य तिनंच घातलं होतं.

संपतला तिनं काही सांगितलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून त्यानं ओळखलं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं.

"आक्का, आबांना साधं दूध देत्यात नव्हं?"

"मला त्यावर बोलता येत नाही."

"म्हंजे देत्यात." त्यानं भिंतीवर हात टेकला. "माझ्या बागंची साल. आबांच्या शेळ्यांच्या पोटातला किडा. तुझ्या गोठ्यात दुधाचे कॅन भरलेत. आणि ज्याच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं त्यो म्हातारा हितं पाण्याच्या घोटाला तळमळतोय. कुठल्या पुस्तकात बसतं हे?"

"एकाला दिलं तर सगळी चाचणी नासते, संपत."

"कुणाला कळणार हाय?"

"मला कळेल."

"तुझं तू बघ," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी तसा बोलला होता.

उर्मिला तिथंच बाकावर बसून राहिली. संपतला दिलेली उत्तरं बरोबर होती, हे तिला कळत होतं. पण बाप तिचाही होता. त्या दुपारी ती केंद्रावर परतली. गोठ्यातलं थंड दुधाचं भांडं उघडून त्यापुढे उभी राहिली. एक लोटाभर दूध कुणाला कमी पडलं नसतं. पाठीमागे शेळ्या रवंथ करत होत्या. तिनं झाकण लावलं आणि गड्याला सांगितलं, उद्या मी रुग्णालयात जाणार, मुरघास तूच बघ.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात पोचली तर संपत आबांच्या खाटेशी बसला होता. हातात स्टीलचा थर्मास. केंद्रावर साल उतरवायला त्याचीच गाडी यायची, दूध मागायला त्याला कुणाची परवानगी लागली नव्हती. त्यानं टोपणात दूध ओतलं होतं आणि आबांच्या ओठांशी धरलं होतं. उर्मिला दारातच थबकली. धावत जाऊन ते टोपण काढून घ्यावं असं तिला वाटलं, आणि घेऊ नये असंही वाटलं.

आबांनी टोपण हातानं बाजूला सारलं.

"कसलं दूध?"

"आपल्या शेळ्यांचं. घ्या की गप."

"तू आणलंस म्हंजे मला दुसरं मिळतंय." आबांचा आवाज फाटका झाला होता, प्रत्येक शब्दाला चेहरा कसा तरी व्हायचा, पण ते बोलत राहिले. "तसंबी मला वाटलंच हुतं. ह्या रसूलभाईची तब्येत बघ अन् माझी बघ."

रसूलभाईंनी मान खाली घातली. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो त्यांनी ताटात ठेवला.

"तुमी का ठेवला?" आबा त्यांच्याकडे वळून म्हणाले. "खावा. तुमी खाताय ते बघून मला बरं वाटतं. लेकीचं काम हाय ते."

मग ते संपतकडे वळले. "हे बघ. रोज सकाळी त्या पोरी येत्यात, माझ्या तोंडाचा फोटू काढून नेत्यात. का नेत्यात? साध्या दुधानं काय हुतं, ते जगाला दिसाय पायजे म्हणून. आज मी हे प्यालो अन् उद्या माझं तोंड निवळलं, तर फोटूत काय दिसंल? साध्या दुधानंबी गुण आला. मंग तुझ्या भणीचं दूध कोण घ्यायचं? तुझ्या बागंची साल परत उकिरड्यावर."

"एका माणसानं काय फरक पडतोय, आबा."

"त्या रांगंत किती माणसं हायत, अन् त्यातल्या किती जणांची पोरं गोठ्याची धनी हायत?" आबा थांबले, त्यांनी लाळ गिळली, ते गिळणं बघवत नव्हतं. "कळप घिऊन कोकणाकडं उतरायचो तवा वाटंत नवं रान लागायचं. कुठला पाला इखारी, ठावं नसायचं. तवा आदी कुणाचं मेंढरू सोडायचं त्या रानात? पाहुण्याचं न्हाई. आपलं. माझा बा असंच करायचा. आता उर्मीचं रान हाय, अन् तिचं आपलं मेंढरू मी हाय."

त्यांची नजर दाराकडे गेली. उर्मिला तिथं उभी होती. आबांनी तिला काही म्हटलं नाही, नुसती मान हलवली, जशी ते तिला लहानपणी शाळेच्या फाटकाशी सोडून परत फिरताना हलवायचे.

संपत थर्मास घेऊन बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. खांदे हलत होते. उर्मिला शेजारी जाऊन बसली. मग त्यानं टोपणात दूध ओतलं आणि तिच्याकडे धरलं. तिनं घोट घेतला आणि टोपण परत त्याला दिलं. एवढी वर्षं साल पुरवून त्यानं ते कधी चाखलं नव्हतं, ते आज चाखलं.

"कडवाट हाय जरा," तो म्हणाला.

"वेलदोडा घातला की लागत नाही."

"म्हाताऱ्यानं प्यालं असतं, आक्का, तर मी तुला कुणाला सांगू दिलं नसतं."

"मी सांगितलंच असतं."

"त्येबी ठावं हाय मला," संपत म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसून उठला.

उर्मिलानं ती गोष्टही त्याच दिवशी डॉ. शिरगुप्पेंच्या कानावर घातली. आपल्याला कुठलं दूध मिळतंय याचा अंदाज आबांना आलाय, हेही समितीला कळवलं गेलं. समितीनं विचार करून त्यांना चाचणीत ठेवलं. तोंडाचे फोटो तपासणाऱ्यांना रुग्णाचं नावही माहीत नसायचं, आणि दुसऱ्या दुधाचा थेंबही आबांच्या तोंडी गेला नव्हता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आबांच्या नाकातून नळी घातली. जोराच्या वेदनाशामकांनी ते गुंगीत असायचे, आणि जाग आली की शेकाची वेळ झाली का, ते हातानं खुणावून विचारायचे. अशा तोंडाच्या रुग्णाला आठवडाभर विश्रांती द्यायची पद्धत होती. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. आबांनी दोन्ही वेळा मानेनंच नको म्हटलं. त्यांनी शेकाचा एकही दिवस चुकवला नाही. चाकाच्या खुर्चीतून त्यांना यंत्राच्या खोलीकडे नेताना रसूलभाई एका बाजूनं चालायचे, संपत दुसऱ्या बाजूनं. उर्मिला मागून खुर्ची ढकलायची. आपण काय ढकलत नेतोय, ते तिला नीट कळत होतं, आणि त्या दुःखातही तिची मान ताठ होत होती.

शेक संपला. नळी निघाली. तोंडातलं आपोआप भरत आलं. कातड्याची घडी बसावी तसा एक गाल आत ओढलेला राहिला, जबडा पूर्वीइतका उघडेना, आवाज घोगरा तो घोगराच. पण तपासणीत रोगाचा मागमूस नव्हता.

चाचणीतल्या शेवटच्या रुग्णाचा शेक आटोपायला पुढे वर्ष गेलं. कुलूप उघडायच्या दिवशी समितीची माणसं पुण्याहून सांगलीला आली आणि वरच्या मजल्यावरच्या सभागृहाचं दार बंद झालं. उर्मिला बाहेरच्या बाकावर बसली. त्याच दिवशी आबांची तपासणी होती. ती उरकून तेही तिच्या शेजारी येऊन बसले. आत तिच्या हाताखाली तयार झालेले लोक होते, तिचे आकडे होते, तिच्या शेळ्यांचं दूध होतं. आबांनी खिशातून गूळ काढला, त्याचा बारीक खडा मोडून तिला दिला. आता त्यांना कठीण काही चावत नसे, गूळ तोंडात धरून ते विरघळू द्यायचे.

"आत बसावं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"हो," उर्मिला म्हणाली.

"मलाबी वाटतंय, तू बसावीस."

दार उघडलं आणि डॉ. शिरगुप्पे बाहेर आल्या. त्या हसत नव्हत्या, त्यांचे डोळे भरलेले होते. डॉक्टर तिच्यासमोर खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात धरले.

"साधं दूध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा शेक मध्ये थांबवावा लागला होता. सालीच्या दुधावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांचा. आणि ज्यांनी शेक पूर्ण घेतला त्यांच्यात रोग दोन्हीकडे सारखाच गेला, दुधानं त्याला कुठंच वाचवलेलं नाही. तू पहिल्या दिवसापासून म्हणत होतीस तसंच."

उर्मिलानं वाकून कपाळ डॉक्टरांच्या हातांवर टेकवलं.

"आतले सगळे तुला बोलावतायत," डॉक्टर म्हणाल्या. "आता यायला हरकत नाही."

मग त्या आबांकडे वळल्या. "आणि तुम्ही मक्याच्या कळपात होता, आबा. तुमच्या बाजूला इतकं सोसूनसुद्धा खाडा न करणारे मोजकेच निघाले. तेवढे लोक शेवटपर्यंत टिकले म्हणून दोन्ही बाजूंच्या रोगाची नीट तुलना करता आली."

आबांनी पटक्याचा शेव नीट केला. "बाई, माझी लेक पोटात असताना तिच्या आयनं एक शेळी राखली हुती, लेकीला दूध पायजे म्हणून," ते म्हणाले. "तीच ही काळी औलाद. एवढं आत सांगा सगळ्यांस्नी." आणि उर्मिलाच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला दाराकडे ढकललं.

सभागृहात ती शिरली तेव्हा माणसं उठून उभी राहिली. उर्मिलानं मागे वळून पाहिलं. दार उघडंच होतं आणि बाकावर बसलेले आबा शेजारच्या अनोळखी माणसाला बोटानं तिच्याकडे दाखवत होते.

परवानग्या मिळायला अजून काही काळ गेला. मग सालीच्या दुधाची पाकिटं आटपाडीहून निघू लागली, आधी सांगली-कोल्हापूरला, मग मुंबईला, मग देशाबाहेर. माणदेशात काळ्या शेळ्यांचे कळप वाढले. संपतसारख्या बागायतदारांचे गट तालुक्या-तालुक्यांत झाले, आणि जहाल फवारणी न केलेल्या डाळिंबाच्या पेटीवर लोक आपल्या गावाचं नाव मोठ्या अक्षरांत छापू लागले. रसूलभाई पुन्हा वरातीत वाजवू लागले. संपतच्या मुलीच्या लग्नात ते न बोलावता आले आणि मांडवात सगळ्यांच्या पुढे उभे राहिले.

आबा वर्षातून एकदा तपासणीला सांगलीला जात. असेच एकदा ते बाहेरच्या बाकावर बसले होते. उर्मिला आत कागद आणायला गेली होती. शेजारी जतकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. त्याचा शेक दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायचा होता. बाईच्या मांडीवर पांढऱ्या पाकिटांची पिशवी होती. बाई ती पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. तिचं लक्ष आबांच्या ओढलेल्या गालाकडे गेलं.

"बाबा, तुमचाबी शेक झालाय का?"

"झालाय की."

"मग हे दूध..." तिनं पिशवीवर हात ठेवला. "खरंच गुण येतो का हो ह्याचा? का उगं आपलं म्हणत्यात?"

"येतो," आबा म्हणाले. "डोळं झाकून पाज."

"तुमी प्यालता?"

आबा हसले. गाल ओढला गेल्यामुळे त्यांचं हसू एकाच बाजूला उमटायचं.

"न्हाई," ते म्हणाले. "मी प्यालो न्हाई, म्हणून तर कळलं."